तीन मापं तेल

ज्या वर्षी तेल, डाळ आणि गॅस तिन्ही एकदम महाग झालं, त्या वर्षी मी घरातली लोखंडी कढई धुऊन, पुसून, पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिली. तळायचं म्हणून काही करायचंच नाही, असं ठरवून टाकलं. धाकट्या मुलीने दोन-तीनदा भज्यांचं नाव काढलं, मग तिनेही सोडून दिलं.

माझा नवरा आखाडा बाळापुरात एका खतबियाण्यांच्या दुकानात कामाला आहे. मालक माणूस वाईट नाही, पण पगाराचा विषय निघाला की तो पावसाकडे बोट दाखवतो. आम्ही स्टँडच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहायचो. दोन खोल्या, समोर ऐसपैस ओटा, मागे न्हाणी. घरमालकीण शेजारच्याच स्लॅबच्या घरात एकटी राहायची. तिचा नवरा तलाठी होता, तो वारल्यावर तिला पेन्शन मिळत होती. सगळी गल्ली तिला काकू म्हणायची, मीही म्हणायचे.

पगार तोच आणि बाजार रोज नवा, असं झाल्यावर मी घर आवळायला घेतलं. तेलाच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलं आणि त्यातून पडेल तेवढंच तेल फोडणीला घालू लागले. डाळ सकाळीच भिजत टाकायची, म्हणजे कुकरच्या शिट्ट्या निम्म्यावर येतात. भाकरी आणि आंघोळीचं पाणी मागच्या चुलीवर. नवऱ्याच्या दुकानात येणारा एक शेतकरी तुराट्यांचा भारा टाकून जायचा, त्याला मी त्याच्या बायकोचे ब्लाउज शिवून द्यायचे. भाजीला मी बाजार उठता उठता जायचे, वाटे स्वस्त होतात तेव्हा. गवार, मेथी, वांगी स्वस्त असली की कापून पत्र्यावर वाळवून ठेवायची. खरं सांगते, सुरुवातीला मला यात मजा यायची. महिनाअखेरीला डब्यात दोन वाट्या डाळ शिल्लक दिसली की मी स्वतःवर खूश व्हायचे.

पण सगळ्यात मोठी बचत ज्या गोष्टीने झाली, ती माझ्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती माझ्या डाव्या हाताच्या शेजारणीने काढली. ती अंगणवाडीत मदतनीस होती. तिचा नवरा मालवाहू ऑटो चालवायचा, बाळापूर ते हिंगोली रोजची फेरी. मी तिच्या नवऱ्याला भाऊ म्हणायचे, म्हणून तिला वैनी. ती मला ताई म्हणायची. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, सडपातळ, बोलणं कमी आणि मुद्द्याचं. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून ती विहारात जायची, बाकी दिवस अंगणवाडीच्या गणवेशात.

एकदा मी दुकानातून तेलाची पिशवी घेऊन येत होते. वैनी दारात धुणं वाळत घालत होती. माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहून म्हणाली, "ताई, आपुन पाच घरच्या पाच बाया रोज पिशव्या काहून आणून राहिलो? हिंगोलीच्या मोंढ्यात डबा घेतला तं लिटरामागं कितीतरी पैसे वाचतात. आमचे हे रोज रिकामा ऑटो घेऊन वापस येतात. डबा आणायला भाडं थोडंच लागनार हाय."

मला ते लगेच पटलं. मी काकूंना विचारलं, समोरच्या मास्तरीणबाईंना विचारलं. त्यांचा नवरा खासगी शाळेवर होता आणि पगार कधी होईल ते त्यालाच माहीत नसायचं. गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारी एक बाई होती, तिलाही घेतलं. अशी पाच घरं झाली.

हिंगोलीच्या दुकानदाराला फोन करून माल सांगायचं काम माझ्याकडे, आणायचं भाऊंकडे आणि वाटायचं सगळ्यांनी मिळून. काकूंकडे तलाठीसाहेबांच्या वेळचं पितळेचं लिटरचं माप होतं. ते माप वापरायचं ठरलं. डबा आला की प्रत्येकीला तीन मापं. त्यावर तळाशी जे उरायचं, ते पळीपळीने सगळ्यांत. शेवटी घेणारीला तळाचं गढूळ तेल जातं, म्हणून शेवटचा नंबर आळीपाळीने.

पहिला डबा फोडला तो दिवस मला अजून आठवतो. माझ्या ओट्यावर आम्ही पाचजणी गोल बसलो होतो. भाऊंनी पक्कडने झाकण कापलं. सोयाबीनच्या तेलाची पिवळी धार मापात पडायला लागली आणि सगळ्याजणी श्वास धरून बघत राहिलो. तेल काय कुणी पाहिलं नव्हतं असं नाही, पण इतकं तेल एका जागी, आणि ते आपलं, असं खूप दिवसांनी झालं होतं. मग आम्ही तूरडाळही तशीच आणायला लागलो. गूळ, कपड्याचा साबण, उन्हाळ्यात मिरची. वाटणीचा दिवस म्हणजे आमचा सण झाला. मी सगळ्यांना चहा करायचे.

एक गोष्ट मी तेव्हाही पाहत होते. चहा माझ्याकडे असला की काकू दोन कप घ्यायच्या. एकदा वैनीने सगळ्यांसाठी चहा करून आणला, तेव्हा काकूंचा उपवास निघाला. दुसऱ्या वेळी त्यांना पित्त झालं होतं. तिसऱ्यांदा वैनीने आणलाच नाही. मला समजलं होतं. सगळ्यांनाच समजलं होतं. पण गाडी चालली होती, घरोघरी चार पैसे वाचत होते, आणि असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की गाडी अडते, असं मी मनाला समजावलं. डबा नेहमी माझ्याच ओट्यावर का फुटतो, हेही मी कधी मोठ्याने विचारलं नाही. ओटा मोठा आहे म्हणून, असं आम्ही सगळ्याजणी म्हणायचो.

असे पाच डबे झाले. सहाव्याच्या वेळी मी दुकानात फोन केला, तर तेलाचे भाव पुन्हा चढले होते. शेठ म्हणाले, "बाई, थोडा स्वस्तातला बी हाय. देऊ का?" मी विचारलं, "तेल चांगलं हाय ना?" ते म्हणाले, "तेल तेच हाय." मी म्हटलं, "मग द्या की." भाव ऐकून गल्लीत सगळ्या खूश झाल्या. माझं कौतुक झालं.

तो डबा ज्या दिवशी यायचा होता, त्या दिवशी मला माहेरी हट्ट्याला जावं लागलं. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मोठी मुलगी माझ्यासोबत होती. घराला कुलूप, नवरा दुकानात, म्हणून भाऊंनी डबा स्वतःच्या घरी उतरवला. संध्याकाळी मला वैनीचा फोन आला.

"ताई, माझ्या नणंदेकडचे पावणे आले परभणीहून, एकदम आठ माणसं. घरात तेलाचा थेंब न्हाई. डबा फोडू का? माझे तीन मापं काढून घेते, बाकीचं जसंच्या तसं ठेवते."

मी म्हणाले, "अवं फोडा की. तुमचाच हिस्सा हाय तो. इचारायचं काय त्यात?"

"न्हाई, इचारलेलं बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी परत आले. दुपारी भाऊंनी डबा माझ्या ओट्यावर आणून ठेवला आणि ते फेरीला निघून गेले. आम्ही जमलो. शिवणवालीने तीन मापं घेतली, मास्तरीणबाईंनी घेतली, मी घेतली. त्या वेळी शेवटचा नंबर काकूंचा होता. त्यांचं पहिलं माप भरलं, दुसरं भरलं. तिसऱ्याला डबा पूर्ण उलटा केला, तरी मापाच्या तळाला जेमतेम बोटभर तेल आलं. मास्तरीणबाईंनी डब्याच्या बुडावर थापट्या मारल्या. चार थेंब पडले.

काकूंनी डब्यात वाकून पाहिलं. "हे कसं झालं वं? दर बारीला पाची जणींचं होऊन वर उरत होतं."

"कुठं गळला तं न्हाई?" शिवणवाली म्हणाली. आम्ही डबा उचलून खालून पाहिला. कोरडा होता.

"काल कोणाकडं होता डबा?" काकूंनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"माझ्याकडं," वैनी म्हणाली. "मी माझे तीन मापं घेतले, काकू. पावणे आले होते म्हणून."

"माप तं माझ्या घरी हाय."

"लिटरच्या बाटलीनं मोजले. बराबर तीन बाटल्या."

"बाटलीनं!" काकू मास्तरीणबाईंकडे पाहून हसल्या. "अन् फोडला कोणाला इचारून?"

वैनीने माझ्याकडे पाहिलं. तिने माझं नाव घेतलं नाही. तिला वाटलं असणार की मी बोलेन, आणि मी बोलले की ते तिने सांगण्यापेक्षा जास्त खरं ठरेल. ती नुसती वाट पाहत राहिली.

माझ्या ओठावर शब्द आला होता. मला विचारून फोडला, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच आठवड्यात काकूंनी मला भाडं वाढवायचं सांगितलं होतं. मी हात जोडून म्हटलं होतं, पोरींच्या परीक्षा होईपर्यंत थांबा. काकू म्हणाल्या होत्या, "बघते." त्या "बघते"वर माझं सगळं गणित अडकलं होतं. काकूंच्या विरुद्ध उभं राहायची ती वेळ नव्हती, असं काहीतरी माझ्या मनात आलं. दोन श्वासांत आलं आणि मी ते मानलं.

मी म्हणाले, "जाऊ द्या ना, काकू. कमी-जास्त होतंच. आपण सगळ्याजणी थोडं थोडं काढून देऊ तुमाला."

मला वाटलं, मी भांडण मिटवलं. पण माझं बोलणं संपता संपता मला वैनीचा चेहरा दिसला, आणि मी काय बोलून बसले ते कळलं. कमी-जास्त होतं, म्हणजे तिने जास्त घेतलं. जाऊ द्या, म्हणजे तिला माफ करा. मी तिच्यावरचा आळ माझ्या तोंडाने पक्का केला होता.

वैनी उठली. घरात जाऊन तिची पाच लिटरची प्लास्टिकची कॅन घेऊन आली. त्यात तिच्या वाटणीचं उरलेलं तेल होतं. ती काकूंसमोर ठेवून म्हणाली, "पावण्यांच्या सैपाकाला लागलं तेवढं गेलं. बाकी सगळं हे. घ्या तुमी."

काकू एक पाऊल मागे सरल्या. "मला न्हाई लागत ते. माझ्या घरी देवाजवळ दिवा लागतो."

मास्तरीणबाई आणि शिवणवाली आपापली भांडी आवरू लागल्या. त्याआधीच्या पाच डब्यांच्या तेलाने काकूंचा दिवा लागतच होता, आणि ते सगळे डबे भाऊंच्याच हातांनी उतरवलेले होते. पण या तेलाने वैनीच्या घरात एक दिवस काढला होता, आणि वैनीच्या कॅनमधून ते आलं होतं. इतके महिने उपवास आणि पित्ताच्या नावाखाली जे झाकलेलं होतं, ते काकूंनी एका वाक्यात ओट्यावर आणून मांडलं.

"बरं," वैनी म्हणाली. तिने कॅन उचलली नाही. ती घरी गेली आणि तिने दार लावून घेतलं. आवाज न करता लावलं.

सगळ्या पांगल्यावर माझी मोठी मुलगी दारातून बाहेर आली. हट्ट्याला ती माझ्याशेजारीच बसलेली होती, फोन आला तेव्हा. म्हणाली, "आई, वैनींनी तं तुला इचारलं होतं."

"तू गप बैस," मी म्हणाले.

ती आत गेली. पण त्या रात्री तिने माझ्या हातचं वाढून घेतलं नाही, स्वतःचं ताट स्वतः घेतलं.

कॅन माझ्या ओट्यावर राहिली. दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन वैनीकडे गेले. तिच्या मुलीने दार उघडलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मुलगी आत जाऊन आली आणि म्हणाली, "आई म्हणती, ते आमचं न्हाई." मी कॅन घेऊन परतले आणि स्वयंपाकघरात दाराआड ठेवली. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला, म्हणाला, "बोलायला पाहिजे होतं तू." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण भाड्याचं काय केलं आसतं आपण?"

आता जे सांगते, ते मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. महिनाअखेर आला. मी आणि बाकीच्या दोघींनी पळी पळी काढून काकूंचं माप पुरं केलं होतं, त्यामुळे माझं तेल लवकर संपलं. भाव चढलेलेच होते. दुकानातून पिशवी आणायची तर पोरींच्या वह्यांचे पैसे मोडावे लागणार होते. मी दाराआडची कॅन काढली आणि त्यातलं तेल फोडणीला घातलं. वाया जाऊन काय उपयोग, असं म्हटलं स्वतःला. आठ दिवस आम्ही त्या तेलावर जेवलो. मुलीला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

सातवा डबा आला नाही. भाऊंना कुणी सांगितलं नाही आणि ते कुणाला काही बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की मान हलवायचे. वैनी अंगणवाडीत जाता-येता दिसायची, सरळ समोर बघत चालायची. मास्तरीणबाई परत पिशव्या आणायला लागल्या. शिवणवालीने तर तेलाचं नाव टाकून उकडलेल्या भाज्यांवर भागवलं. गल्लीत एखादी बोलायचीही, "बाई, डबा होता तेव्हा बरं होतं." आणि मग काकू म्हणायच्या, "चोरीचा मामला बरा का मग?" मी तिथून उठून यायचे. उठून यायचे, पण तेव्हाही बोलायचे नाही.

दोन-अडीच महिन्यांनी मला काही कामाने हिंगोलीला जावं लागलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढ्या बळावर मी म्हटलं, डबा आपणच आणू. मास्तरीणबाई आणि शिवणवाली वाटणीत येतो म्हणाल्या होत्या. मोंढ्यातलं ते दुकान मी पहिल्यांदाच पाहत होते, एरवी सगळं फोनवर. शेठ गिऱ्हाइकात होते. दुकानाच्या हमालाला मी म्हटलं, सोयाबीनचा डबा द्या.

"कौनसा? पंधरा का तेरा?" त्याने विचारलं.

मला कळलं नाही. त्याने दोन डबे ओढून शेजारी शेजारी ठेवले. तसेच चौकोनी, तसाच पत्रा, वर तेच फुलाचं चित्र. उंचीत फरक असेल तर बोटभर असेल. त्याने दोन्हीच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बारीक अक्षरात एकावर पंधरा किलो लिहिलं होतं, दुसऱ्यावर तेरा.

"ये सस्ता पडता," तो तेराच्या डब्यावर हात मारून म्हणाला. "भाव चढे तबसे लोग यहीच ले जा रहे."

मी शेठला विचारलं. त्यांनी आठवून सांगितलं. हो, बाळापूरला शेवटचा गेला तो तेराचाच होता. "तुमीच तं म्हनलं, स्वस्तातला द्या."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. हमालाने पाणी आणून दिलं. मी डोक्यात मापं मोजत होते. चार घरांची तीन-तीन, काकूंची दोन आणि तळाला थोडं. तेल पाण्याहून हलकं, तेरा किलोचे चौदा लिटर आणि वर थोडं, म्हणजे बरोबर तेवढंच. सगळं तेल तिथंच होतं, कुणी थेंबही घेतला नव्हता. भाव कमी लागला म्हणून आम्ही हसलो होतो, आणि तो डबा मी, माझ्या तोंडाने मागवला होता.

त्या दिवशी मी डबा घेतला नाही. कळमनुरीवरून येणाऱ्या गाडीत खिडकीजवळ बसून आले. वाटेत हळद शिजवायच्या भट्ट्या लागलेल्या होत्या, सगळीकडे तो उग्र वास. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, आता सांगायला काहीतरी आहे. आता पुरावा आहे. पुरावा मिळाल्याचा मला आनंद झाला होता, हे मला कबूल केलं पाहिजे.

आधी काकूंकडे गेले. त्यांना डब्यांचं सगळं सांगितलं. त्या शेंगा निवडत होत्या. ऐकून म्हणाल्या, "आसंल. कंपन्या लबाडच हायेत सगळ्या."

"मग वैनीला आपण..."

"आता झालं ते झालं. उकरून काय करायचं? बरी आलीस तू, मला भाड्याचं बोलायचं होतं."

भाडं वाढलं. पुढच्याच महिन्यापासून. पोरींच्या परीक्षा तेव्हा झालेल्या नव्हत्या.

मग मी वैनीकडे गेले. ती ओसरीत बसून अंगणवाडीच्या लेकरांसाठी कागदाची फुलं कापत होती. तिने मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दोन डबे, पंधरा, तेरा, बारीक अक्षरं. बोलता बोलता माझा आवाज चढला होता, जणू मी तिला बक्षीस घेऊन आले होते.

तिने कात्री खाली ठेवली.

"मी न्हाई घेतलं हे मला ठावंच होतं, ताई. डब्यावर काय लिहिलंय ते कळून मला काय करायचं?"

"न्हाई, पण आता सगळ्यांना सांगता येईल..."

"तुमाला बी ठावं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी फोन तुमालाच केला होता ना? काकूचं मला काही वाटलं न्हाई. काकू कशा हायेत ते मला पहिल्या दिवसापासून म्हाईत होतं. मी तुमच्याकडं बघितलं होतं."

मी म्हणाले, "चुकलं माझं, वैनी." भाड्याचं मी सांगणार होते. सांगायला तोंड उघडलंही. मग वाटलं, ही बाई आठ पाहुण्यांना जेवू घालायला तेल नाही म्हणून मला फोन करते, परवानगी मागते. हिला मी काय माझ्या अडचणी सांगू? मी नाही सांगितलं.

"अन् कॅन?" तिने विचारलं. "कॅन तं द्या माझी वापस."

मी रिकामी कॅन धुऊन आणून दिली. तिने झाकण उघडून आत पाहिलं आणि झाकण लावलं. त्या दिवसात मला सगळ्यात जास्त लागलं असेल, तर ते तिचं असं झाकण लावणं.

त्या आठवड्यात मी मास्तरीणबाई आणि शिवणवालीला फोनचं सांगितलं. डबा फोडायला मीच हो म्हटलं होतं, हेही. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मग तवा काहून न्हाई बोललात?" शिवणवाली म्हणाली, "मी बी तं न्हाई बोलले दिव्याचं ऐकून." त्या दोघी वैनीकडे जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मोठ्या मुलीलाही मी सांगितलं की मी चुकले. ती म्हणाली, "मला ठाव हाय," आणि अभ्यासाला बसली. तेल वापरल्याचंही मी तिला सांगितलं. त्यावर ती रडली. मला वाटलं होतं तशी रागावली नाही, नुसती रडली.

सहा महिन्यांनी आम्ही ते घर सोडलं. वाढलेलं भाडं परवडेना. आता कळमनुरी रस्त्याला एका खोलीत राहतो, ओटा नाही. बचत चालूच आहे, आता ती करायची म्हणून करावी लागते. त्यात मजा उरलेली नाही. बिस्किटाचा पुडा, साबणाची वडी, चहाची पुडी, काहीही हातात घेतलं की मी आधी खालचा कोपरा बघते. सगळंच आतून कमी होत चाललं आहे. दुकानदार वैतागतो.

वैनीने नवीन गट केला आहे, असं मला शिवणवालीकडून कळलं. तीही आहे त्यात, मास्तरीणबाई आहेत, अंगणवाडीतल्या दोघी आहेत आणि विहारात येणाऱ्या तिघी. डबा वैनीच्या ओसरीवर फुटतो. तिने वजनाचा काटा घेतला आहे, सगळं काट्यावर. चहाही तिथेच होतो आणि सगळ्या घेतात.

मध्यंतरी बाजारात ती मला दिसली. मी कोथिंबिरीच्या वाट्यापाशी उभी होते. ती मागून आली, हातात दोन पिशव्या.

"ताई, तूरडाळ उतरली हिंगोलीत," ती म्हणाली. "घ्यायची आसंल तं ह्याच आठवड्यात घ्या. पुढं चढनार हाय म्हनतात."

मी "बरं झालं सांगितलं" म्हणेपर्यंत ती पुढे गेली होती. गटात या, असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. त्या शनिवारी मी हिंगोलीला जाऊन पाच किलो डाळ आणली. ती आम्हाला तीन महिने पुरली.